व्हीआर हेडसेट: आत्ता घ्यावा की पुढच्याची वाट पाहावी?

सायंतारा
मंडळी, व्हीआर म्हणजे आभासी जग दाखवणारा हेडसेट "घेऊ की नको" या अवस्थेत बराच काळ अडकले आहे. दरवेळी मन तयार होतं आणि नेमकी नव्या मॉडेलची बातमी येते. आताही तेच झालं. सॅमसंगचा गॅलेक्सी एक्सआर आला, ॲपलने व्हिजन प्रोमध्ये एम५ चिप घातली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॉल्व्हने स्टीम फ्रेम जाहीर केला. मेटाचा क्वेस्ट ३ ऑक्टोबर २०२३ चा, म्हणजे तसा जुनाच. तो आत्ता घेतला आणि लगेच काही भारी आलं तर चुटपुट लागणार. नाही घेतला तर हे असंच चालू राहणार.

गरज सांगते. एक, घरातल्या पीसीवर फ्लाइट सिम्युलेटर, ग्राफिक्स कार्ड बऱ्यापैकी आहे. दोन, व्यायाम म्हणून तालावरचे खेळ. तीन, जमलं तर मोठा आभासी स्क्रीन लावून ऑफिसचं काम. मी आणि नवरा दोघेही वापरणार. त्याला चष्मा आहे, मला नाही. व्हिजन प्रो आणि गॅलेक्सी एक्सआर बजेटच्या बाहेर. क्वेस्ट ३, क्वेस्ट ३एस, प्लेस्टेशन व्हीआर२ अडॅप्टर लावून, की थांबू?

कुरकुर्या
नका घेऊ. धागा संपला. :)

गंभीरपणे सांगतो. २०१२ मध्ये ऑक्युलसची, म्हणजे आजच्या क्वेस्टच्या मूळ कंपनीची, किकस्टार्टरवर लोकवर्गणीची मोहीम झाली तेव्हापासून "पुढच्या वर्षी व्हीआर घराघरांत" हे ऐकतोय. २०१४ मध्ये गूगलचं पुठ्ठ्याचं कार्डबोर्ड आलं. २०१६ मध्ये त्यांचंच डेड्रीम आलं, ते २०१९ मध्ये गुंडाळलं. मधल्या काळात थ्रीडी टीव्ही आले आणि गेले. पहिले काही आठवडे पाहुण्यांना दाखवायचं, मग कपाटात.

धूमकेतू
कुरकुर्या, कपाटात जातो हे खरं आहे, पण कुणाचा जातो तेही बघा. "काहीतरी भारी बघायचंय" म्हणून घेणाऱ्याचा जातो. सायंतारा यांनी तीन ठरलेले उपयोग सांगितलेत आणि त्यातला पहिला तर व्हीआरचा सगळ्यात टिकाऊ उपयोग आहे. सिम्युलेटरवाले लोक हेडसेट सोडत नाहीत. कॉकपिटमध्ये बसून मान वळवली की धावपट्टी दिसते, हे सुख सपाट मॉनिटरवर मिळत नाही.

आता मूळ प्रश्न. वाट पाहायला हरकत नाही, पण नेमकी कशाची ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. "पुढचा चांगला असेल" हे उत्तर धरू नका. तो चांगला असणारच, आणि त्याच्या पुढचा आणखी चांगला.

सुटण्याच्या बेतात नसलेल्या दोन गोष्टी आधी सांगतो, म्हणजे त्यांच्यासाठी थांबणं तरी बंद होईल.

पहिली, स्पष्टता. निरोगी डोळ्याला नजरेच्या कोनाच्या एका अंशात साधारण ६० पिक्सेल वेगळे दिसतात. क्वेस्ट २ मध्ये हा आकडा २० च्या आसपास होता, क्वेस्ट ३ मध्ये २५ आहे. तेवढीच दृश्यकक्षा ठेवून २५ चे ६० करायचे तर पिक्सेल पावणेसहा पट लागतात. ते पडद्यावर बसवायचे, दर सेकंदाला ९० वेळा रंगवायचे, वर उष्णता आणि बॅटरी सांभाळायची. हे एका पिढीत होत नाही.

दुसरी, डोळ्यांचा ताण. हेडसेटमध्ये वस्तू जवळ आली की दोन्ही डोळे आत वळतात, पण भिंगांमुळे फोकस मात्र एकाच ठरावीक अंतरावर अडकलेला असतो, साधारण दीड-दोन मीटरवर. मेंदूला या दोन गोष्टी जुळलेल्या हव्या असतात. फोकस बदलू शकणारा हाफ डोम हा नमुना फेसबुकने (आताच्या मेटाने) २०१८ मध्ये दाखवला होता. घरगुती हेडसेटमध्ये ती सोय अजून आलेली नाही. म्हणजे यासाठी थांबलेला माणूस तेव्हापासून थांबलाच आहे.

गवतफुला
तिसऱ्या उपयोगाबद्दल जरा पाणी ओतते, माफ करा.

२४ इंची साधा फुल एचडी मॉनिटर ६० सेंटिमीटरवरून पाहिला तर एका अंशात ३७-३८ पिक्सेल पडतात. क्वेस्ट ३ चे २५. म्हणजे आभासी स्क्रीन भिंतीएवढा केला तरी त्यातली अक्षरं टेबलावरच्या साध्या मॉनिटरपेक्षा धूसरच. मेल वाचणं, व्हिडिओ बैठक, एखादा लेख हे चालतं. दिवसभर एक्सेलच्या बारीक रकान्यांत काम असेल तर विसरा. मी काही काळ करून पाहिलं. डोळ्यांपेक्षा मान आधी बोलते, कारण अर्धा किलो वजन सगळं तोंडावर असतं.

या एका कामासाठी थांबायला मात्र माझी सहमती आहे.

धूमकेतू
+१. तिसरा उपयोग निर्णयातून वगळा. जमला तर वरची कमाई.

अक्षांश
स्टीम फ्रेमबद्दल लिहितो, कारण धागाकर्तीच्या मनात तोच आहे असं दिसतंय.

व्हॉल्व्हने दिलेल्या माहितीप्रमाणे प्रत्येक डोळ्याला २१६० बाय २१६० चा एलसीडी पडदा. क्वेस्ट ३ मध्ये २०६४ बाय २२०८. गुणाकार करून बघा, पिक्सेलमध्ये अडीच टक्क्यांचाही फरक नाही. भिंगं दोन्हीकडे पॅनकेक जातीची, म्हणजे पातळ आणि कडेपर्यंत स्पष्ट. म्हणजे जास्त स्पष्ट चित्रासाठी फ्रेमची वाट बघत असाल तर ती वाट चुकीची आहे.

फरक आहे तो दुसरीकडे. वजन साधारण ४४० ग्रॅम, क्वेस्ट ३ चं ५१५. बॅटरी मागच्या पट्ट्यात, त्यामुळे तोल बरा. आत डोळ्यांचा मागोवा घेणारे कॅमेरे आहेत, आणि पीसीवरून चित्र पाठवताना जिथे नजर आहे तेवढाच भाग पूर्ण तपशिलात पाठवायचा अशी योजना आहे. सोबत पीसीला लावायचा ६ गिगाहर्ट्झचा स्वतंत्र वायरलेस डोंगल येतो, म्हणजे घरच्या राउटरशी झगडा नको. पीसीवर खेळणाऱ्यासाठी हे खरंच मोठं आहे. उलट बाजूने, बाहेरचं दाखवणारे कॅमेरे कृष्णधवल. क्वेस्ट ३ मध्ये रंगीत पासथ्रू आहे. व्यायाम करताना खोली नीट दिसलेली बरी असते.

जाहीर करताना २०२६ ची सुरुवात म्हणाले होते, किंमत सांगितली नव्हती. हार्डवेअरच्या जगात "सुरुवात" हा लवचिक शब्द आहे.

कुरकुर्या
म्हणजे थांबा! किंमतही कळेल आणि जुन्याची किंमतही उतरेल.

अक्षांश
उतरेलच असं नाही. क्वेस्ट २ ऑक्टोबर २०२० मध्ये आला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये, जवळजवळ दोन वर्षं जुना झाल्यावर, तो १०० डॉलरनी महाग झाला. थांबलेल्यांना त्याच यंत्राला जास्त मोजावे लागले. उलट क्वेस्ट प्रो ऑक्टोबर २०२२ मध्ये १,५०० डॉलरला आला आणि मार्च २०२३ मध्ये १,००० वर उतरला, तिथे घाई करणारे पोळले. या बाजारात किंमत काळाबरोबर एकाच दिशेला जात नाही.

पिढ्यांचंही तसंच. पहिला क्वेस्ट मे २०१९, दुसरा ऑक्टोबर २०२०, तिसरा थेट ऑक्टोबर २०२३. आधी दीड वर्षाच्या आत, मग पूर्ण तीन वर्षं. मोबाइलसारखं दरवर्षीचं वेळापत्रक इथे नाही, त्यामुळे "पुढचा येईपर्यंत थांबते" याला काही अर्थच उरत नाही.

तिरकी रेघ
सगळे पिक्सेल मोजताहेत. मी दुसरंच विचारते. घेतलेलं यंत्र किती वर्षं चालू देतील? यंत्र चांगलं असतं, पण मागचा आधार काढून घेतला की संपलं.

विंडोज मिक्स्ड रिॲलिटी आठवा. पीसीवरच्या हेडसेटची ही प्रणाली २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने बऱ्याच कंपन्यांना सोबत घेऊन आणली. एचपीचा रिव्हर्ब जी२ हा त्यातला शेवटचा मोठा हेडसेट, नोव्हेंबर २०२० चा, सिम्युलेटरवाल्यांचा लाडका. डिसेंबर २०२३ मध्ये ही प्रणाली बंद करत असल्याचं जाहीर झालं आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून ती काढूनच टाकली. भिंगं शाबूत, पडदा शाबूत, पण विंडोज अद्ययावत केलं की हेडसेट चालत नाही. २०२५ मध्ये एका अभियंत्याने स्वतंत्र ड्रायव्हर काढून यातले बरेच हेडसेट पुन्हा जिवंत केले, तेही एनव्हिडियाची कार्डं असणाऱ्यांपुरते.

पहिल्या क्वेस्टचे सुरक्षा अपडेट ऑगस्ट २०२४ पर्यंत आले. म्हणजे मे २०१९ पासून सव्वापाच वर्षं, हे तसं बरं. पण ज्याने तो २०२० मध्ये, विक्रीच्या शेवटी घेतला, त्याला चारच मिळाली. म्हणून घड्याळ तुम्ही विकत घेतल्यापासून सुरू होत नाही, यंत्र बाजारात आल्यापासून सुरू होतं. क्वेस्ट ३ च्या घड्याळातली दोन वर्षं सरली आहेत.

धूमकेतू
हा मुद्दा इथे आणल्याबद्दल आभार. याच हिशेबाने क्वेस्ट ३एस पाहा. तो ऑक्टोबर २०२४ चा, आणि चिप क्वेस्ट ३ चीच. खेळ चिप बघून बनतात. २०२४ पासून काही मोठे खेळ फक्त ३ आणि ३एसवर चालतात, क्वेस्ट २ वर नाहीत. ३एसचं विकत मिळणं जितकं लांबेल तितका त्या चिपला आधार द्यावाच लागेल आणि त्याचा फायदा क्वेस्ट ३ वाल्यालाही होईल. मेटाने मधेच मन बदललं तर काय, याची हमी मात्र कुणीच देऊ शकत नाही.

आणि एक. मेटाच्या दुकानातून घेतलेले खेळ खात्याला जोडलेले असतात, पुढचा क्वेस्ट घेतला तर सोबत येतात. स्टीमवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या पीसी खेळांच्या दुकानात, घेतलेले पीसीला जोडता येणाऱ्या बहुतेक हेडसेटवर चालतात, कंपनी कुठलीही असो. सिम्युलेटरसारखी पीसीवरची मोठी खरेदी स्टीमवर करा. उद्या फ्रेम घ्यावासा वाटला तर काही वाया जात नाही.

निळी शाई
तिरकी रेघ, सहमत. फक्त एक भर. ऑक्युलस गो बंद केला तेव्हा ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याचं कुलूप उघडणारं सॉफ्टवेअर अधिकृतपणे दिलं होतं, म्हणजे जाणकारांना तो पुढेही हवा तसा वापरता आला. अशी उदाहरणं क्वचितच.

पायवाट
कुणी मळमळीबद्दल बोलणार आहे की नाही? माझ्या बहिणीने हौसेने हेडसेट आणला. तिला पंधरा मिनिटांत भोवळ, मग संध्याकाळभर डोकं धरून बसली. डोळे सांगतात आपण पुढे चाललोय, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते आपण जागेवरच आहोत. मेंदू हा वाद पोटावर काढतो.

सायंतारा, तुम्ही दोघांनी आधी कधी घातलाय का? नसेल तर हा सगळा धागा बाजूला ठेवा आणि कुणाकडे तरी जाऊन अर्धा तास घालून बघा.

गवतफुला
पायवाट यांना अनुमोदन. त्यात फरकही आहेत. एका जागी उभं राहून अंगावर येणारे ठोकळे फोडायचे खेळ बहुतेकांना सोसतात, कारण खेळातली हालचाल आणि शरीराची हालचाल एकच असते. बसल्या जागी अंगठ्याने काठी ढकलून पळायचं, ते सगळ्यात वाईट. विमान त्यांच्या मधे. भोवती कॉकपिटची स्थिर चौकट असल्याने बरं पडतं, पण गिरक्या घेतल्यात तर पोट बोलेल. चित्र अडकायला लागलं की त्रास दुप्पट, म्हणून सिम्युलेटरची सजावट कमी करून चित्राचा वेग स्थिर ठेवा. चेहऱ्यावर पंख्याचा वारा असेल तर बऱ्याच जणांना फरक पडतो.

आणि पहिली शंका आली की लगेच काढायचा. "सोसून सवय होईल" असं करणाऱ्यांना उलट हेडसेट पाहूनच मळमळायला लागतं.

सायंतारा
बापरे, केवढी माहिती! सगळ्यांचे आभार.

घालून पाहिलाय, दोघांनीही. मैत्रिणीकडे क्वेस्ट २ होता. मला काहीच झालं नाही. नवऱ्याला पळायच्या खेळात गरगरलं, बाकी ठीक. पण त्याला चित्र सतत किंचित दुहेरी आणि धूसर दिसत होतं. आम्ही ते चष्म्यावर ढकललं. ते काय असू शकतं?

प्लेस्टेशन व्हीआर२ बद्दल कुणीच बोललं नाही. आणि वापरलेला घेतला तर?

अक्षांश
व्हीआर२ चा पडदा ओएलईडी. रात्रीचं उड्डाण करताना काळा रंग खरोखर काळा दिसतो, एलसीडीवर तो करडा असतो. शिवाय पीसीतून डिस्प्लेपोर्टने सरळ चित्र जातं. क्वेस्टला ते दाबून व्हिडिओच्या रूपात पाठवावं लागतं, मग केबल लावा नाहीतर वायफाय. पण ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या अडॅप्टरने पीसीला जोडल्यावर एचडीआर, डोळ्यांचा मागोवा, हेडसेटमधली कंपनं हे सगळं बंद. म्हणजे ज्यासाठी तो नावाजला गेला त्यातलं बरंच उरत नाही. भिंगं फ्रेनेल, म्हणजे गोलाकार खाचांची, त्यामुळे मधोमध नजर असली की झकास, कडेला उपकरणं वाचायला मान वळवावी लागते. आणि पीसी किंवा कन्सोलशिवाय तो चालत नाही, म्हणजे व्यायामालाही केबल. तुमच्या दुसऱ्या उपयोगाला ते अडचणीचं.

तिरकी रेघ
वापरलेल्याबद्दल: भिंगांतून आत बघा. पडद्यावर पिवळट किंवा काळा डाग असेल तर उन्हात राहिलेला आहे. सूर्यप्रकाश भिंगातून थेट पडद्यावर गोळा होतो आणि तो कायमचा जळतो, खिडकीशी थोडा वेळ ठेवलेला पुरतो. मालकाला समोरच हेडसेट त्याच्या खात्यातून काढायला आणि पूर्ण रिसेट करायला लावा. बॅटरी घरी बदलण्यासारखी नसते. क्वेस्ट ३ नवा असतानाच सव्वादोन तासांच्या आसपास चालतो, वापरलेला किती चालेल ते धरून भाव करा. क्वेस्ट २ कितीही स्वस्त मिळाला तरी आता नको, धूमकेतूंनी कारण दिलंच आहे.

निळी शाई
नवऱ्याच्या दुहेरी चित्राबद्दल. चष्म्याचा दोष नसेल असं वाटतं. डोळ्यांतलं अंतर बघा, ज्याला आयपीडी म्हणतात. चष्म्याच्या दुकानात मोजून देतात, लांबचं पाहताना असतं ते अंतर मागा. क्वेस्ट २ मध्ये भिंगं तीनच जागी सरकतात: ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. तुमच्या मैत्रिणीने स्वतःच्या जागेवर ठेवली असतील आणि नवऱ्याचं अंतर बरंच वेगळं असेल तर नेमकं हेच होतं. धूसर, किंचित दुहेरी, मग डोकेदुखी.

क्वेस्ट ३एसमध्येही त्याच तीन जागा आणि तीच फ्रेनेल भिंगं. क्वेस्ट ३ ला चाक आहे, ५८ ते ७१ पर्यंत हवं तिथे थांबवता येतं. दोघं जण आलटूनपालटून वापरणार असाल तर तुमच्या सगळ्या आकड्यांमध्ये हा आकडा सर्वांत महत्त्वाचा. आश्चर्य म्हणजे खरेदीच्या चर्चेत तो नेहमी शेवटी येतो.

सायंतारा
आज दोघंही मोजून आलो. मी ५८, नवरा ७०!

अक्षांश
मग निकाल लागला की. ७० ला ३एस बाद, ६८ वर दोन मिलिमीटर कमी पडतात. आणि स्टीम फ्रेमच्या जाहीर तपशिलात भिंगांतलं अंतर ६० ते ७० दिलंय. म्हणजे तुमचे ५८ त्याच्या बाहेर. तुम्ही ज्याच्यासाठी थांबणार होता तो नवऱ्याला जेमतेम बसतो आणि तुम्हाला बसत नाही. एक-दोन मिलिमीटर काहींना चालतात, पण त्या आशेवर इतके महिने थांबायचं नाही.

कुरकुर्या
बरं, घ्या तर मग. पण कपाटात जागा करून ठेवा. :)

सायंतारा
:) क्वेस्ट ३ ठरला. थांबण्याचं माझं एकमेव कारण फ्रेम होतं. कपाट कुलूपबंद ठेवते, कुरकुर्या.

शेवटचा प्रश्न. नवऱ्याचा नंबर लांबचा आहे, उणे अडीच. चष्म्यासकट घालावा की ती आत बसवायची भिंगं करून घ्यावीत? आणि सासऱ्यांनाही बघायचंय, त्यांना फक्त वाचायचा चष्मा लागतो.

निळी शाई
आत बसवायची नंबरची भिंगं करून घ्या. चष्म्याची काच हेडसेटच्या भिंगाला घासली की ओरखडा कायमचा. ती चुंबकावर किंवा खटक्याने बसतात, तुमची पाळी आली की काढता येतात. तोवर सोबत येणारी चेहऱ्याची चौकट पुढे सरकवून चष्म्यासाठी जागा वाढवा.

सासऱ्यांना बहुतेक चष्मा लागणारच नाही. फोकस दीड-दोन मीटरवर असतो, त्यामुळे हातात धरलेली वस्तूसुद्धा त्यांना लांबच्या नजरेनेच दिसेल. त्यांना मात्र खुर्चीत बसवून दाखवा आणि पहिल्यांदा विमानात नको.

धूमकेतू
आणि पीसी राउटरला लॅन केबलने जोडा, हेडसेट त्याच खोलीत ५ गिगाहर्ट्झवर. पीसीही वायफायवर ठेवून "चित्र अडकतंय" असे धागे इथे दर आठवड्याला निघतात. खेळ आवडला नाही तर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात, मेटाकडेही आणि स्टीमवरही. पहिल्या आठवड्यात ते वापरा.